बँकॉक–काठमांडू, थेट

विट्याच्या स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान.
मी स्वतः विमानात बसलेलो नाही.

काल लेंगऱ्याच्या हौसाक्का आल्या,
पिशवीत मेथी, चपला दाराबाहेर.
"थोरला बँकॉकला गलाईवर, धाकटा काठमांडूला.
ह्येच्यापासनं त्येच्यापातूर किती?"

बावीसशे किलोमीटर, म्हणालो, हवेतनं.
साडेतीन तास धरा.

"म्हंजी सकाळी न्ह्यारी करून निघाला
तर दुपारच्या भाकरीला पोचतोय."
बोटांवर पुन्हा मोजलं त्यांनी.
भट्टीच्या वाट्यावरून बोलणं तुटलं
त्याला आठ दिवाळ्या झाल्या,
सगळ्या तालुक्याइतकंच मलाही ठाऊक.

स्क्रीनवर दोन टिंबं, मधे निळी रेघ.
"वाटंत आपलं गाव लागतं का?"
नाही. लई वरच्या अंगानं जातंय विमान.
"मग रेघ वाकडी कशापायी झालीया?"
पृथ्वी गोल असते वगैरे सांगत बसलो.

त्यांनी रेघेचा कागद काढून मागितला.
शाई संपत आलेली,
मधला तुकडा उमटलाच नाही.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या,
पाच रुपये ठेवले, घडी मेथीत खोचली,
आणि साडेचारची लेंगरे गाडी
लागली का, तेवढं विचारून गेल्या.