शून्याला दोन बुड्या

मार्गशीर्षात तळ दिसू लागतो.
पिपरटोलीच्या तलावात, पाळीपासून चाळीस वल्ही आत
इंद्रकला मारबते चौकट सोडते:
बांबूच्या चार कमच्या, कोपऱ्यांना सुतळी,
बुडावी म्हणून चार खडे.

मी डोंग्यात वही धरून.
तिला लिहिता येतं, पण ओल्या बोटांनी शाई फुटते.
मला बुडी येत नाही,
माझ्या माहेरी पाणी विहिरीतच असायचं, तेही दोराएवढं लांब.

ती श्वास घेते. जाते.
गाद हलते, चिऊल हलते,
वरून वाटतं खाली एखादं रान आहे
आणि त्यातून कोणी वाट काढत चाललंय.
मी मोजते. एकतिसाला
शेवाळ माखलेलं डोकं वर येतं, बोलतच येतं :

"शिंपले सात. दोन मेलेले, ते अलग लिव.
घोंगे वीस, जास्तच असतीन, पन वीस लिव.
झिंगे तीन, एक अंड्यावर.
दगडाच्या कपारीत बाम,
माह्याकडे पाहून राहिली होती."

पाहत असलेल्या बामीला रकाना नाही.
मी 'एक' लिहिते.

पहिल्या वर्षी तालुक्याहून आलेला पोरगा सांगून गेला,
काही नसेल तिथं शून्य लिहा,
घर कोरं सोडू नका.
तेव्हा ही पदर तोंडाला लावून हसली होती :
"जे नाही, त्याले कायले मोजाचं?"

आता तीच मला कोरं सोडू देत नाही.
कोरं म्हणजे कोनी गेलंच नाही, म्हणते,
शून्य म्हणजे मी जाऊन आली.

दाडकाच्या घरात गेल्या साली चार.
त्याआधी नऊ.
तिचा बाप आषाढात लाल पिल्लांचा घोळका दिसला
की जाळं खांद्यावर टाकून परत फिरायचा,
खाली माय-बाप राखणीला असतात,
त्या दिवशी घरी नुसता आंबील.
बेशरम उपटून बायांनी लावलेली गाद
आता कमरेएवढी झाली आहे, तरी अजून

"दाडक?" मी विचारते.
ती मान हलवते. लिहायला मी पेन टेकवते
तर म्हणते, थांब.
शून्याले दोन बुड्या लागतेत.

एकतीस.
चौतीस.
डोंगा जरा कलतो, मी काठ धरते.
अडतीस, आणि मला पुढचे आकडे आठवेनात.

ती वर येते ती खोकत,
एका हातानं डोंग्याची कड, दुसऱ्यानं डोळे.
"लिव, शून्य."

मी लिहिते.

"आन् बाजूले लिव,
कपारीपाशी पानी गढूळ होतं.
मी नाही केलं.
मी जायच्या आंधीच कोनं तरी
शेपूट मारून गेलं तिथून."

समासात जागा कमी आहे.
मी अक्षर बारीक करते.
तोवर तिनं चौकट ओढून
दहा हात पुढे टाकलीसुद्धा.