तेरा नवे

जतच्या माळावर फक्कीनं आखलेला ट्रॅक,
वळणावळणाला जुन्या टायरांची उतरंड.
सकाळी सहाला टँकरनं पाणी मारलं,
ते साडेसातला कुठं गेलं कुणाला ठाऊक.

आमचा मांडव म्हणजे
तासगावच्या बेदाणा शेडवरली हिरवी जाळी,
चार बांबूंवर ताणलेली.
खाली गोणपाटात, भुशात मिरजेचा बर्फ,
आणि एस्टीम, रुबीनाच्याच वयाची,
जिच्या रेडिएटरची नळी न् नळी मी झाळली आहे.

माझ्या डाव्या हाताची कातडी
कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत आहे.
विशीत असताना तापलेल्या रेडिएटरचं झाकण
घाईनं उघडलं होतं.
त्यानंतर कुठलंच झाकण घाईनं उघडत नाही.
माणसाचंसुद्धा.

पहिली हीट.
रुबीना शिकलगार, अंगावर तीन पदरी सूट,
आत बनियन कोरडा.
ओला घालायचा नाही, मी बजावतो,
आग लागली तर त्याची वाफ होते.
टायरात हवा चार पौंड कमीच भरतो,
उरलेली ऊन भरेल.
"काटा वर सरकला तर हीटर लाव. पार लाल टोकाला."
शेजारच्या मांडवातली पुण्याची पोरं हसतात,
मे महिन्यात हीटर!
हसू देत.
इंजिनाचा ताप कुठंतरी जायलाच हवा,
आणि गाडीत तो घ्यायला
तिच्याशिवाय आहे कोण?

आली की बॉनेट वर, पण इंजिन चालू.
शर्यतीतनं आलेला बैल
कुणी लगेच दावणीला बांधत नाही,
आधी चार पावलं फिरवतात.
तिच्या मनगटांवर बर्फ,
पेल्यात मीठ, साखर, लिंबू.
"तेरा सत्ते?"
"एक्याण्णव. काका, मी काय चौथीत आहे?"

नाहीस.
पण गाडीला काटा आहे,
माणसाला नाही.

दुसरी हीट.
"तेरा आठे?"
तिनं आधी तोंड पुसलं, मग जाळीकडं बघितलं.
"एकशे चार."
बरोबर. पण मघापेक्षा उशिरानं.
माझ्या हातात स्टॉपवॉच होतं,
लॅपचं.

तिसऱ्या हीटला बाराशेभर लोक,
कुणी म्हणालं बेचाळीस, कुणी चव्वेचाळीस.
आम्ही दुसऱ्या नंबरवर, दीड सेकंदानं मागं.
काटा अगदी मधोमध, थंड डोक्याचा.
मी खुश. पंखा पुसला, पट्टा दाबून पाहिला,
मग तिच्याकडं वळलो.

कानशिलावरचा घाम वाळून पांढरा झालेला,
फक्कीसारखा.
हात धरला तर गार.
"तेरा नवे?"
"तेरा..."
ती माझ्याकडं बघत राहिली,
जणू मी कानडीत विचारलंय.
"काका, हा बर्फ कुठनं आणला?"

मी चावी काढून खिशात टाकली.

तिनं दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही.
त्यानंतर ती रडली,
पण डोळ्यांत पाणी यायला अर्धा तास लागला,
तोवर दोन्ही पाय बर्फाच्या टबात होते
आणि पुण्याच्याच एका पोरानं
स्वतःच्या मांडवातला पंखा आणून लावला होता.
तिसरी हीट आमच्याशिवाय झाली.
कोल्हापूरच्या पिवळ्या गाडीनं नेली.
तिची धूळ मात्र आमच्यापर्यंत आली.

परत निघालो तेव्हा दिवस बुडाला होता.
टेम्पोत एस्टीम दोरखंडानं बांधलेली,
अजून कुठंतरी टिक टिक करत निवणारी.
कवठेमहांकाळ गेलं तरी रुबीना गप्प.
मग बाहेर बघतच म्हणाली,
"काका, सतरा सत्ते?"

सोपं आहे.
रस्त्याची पांढरी रेघ
मघापासून जरा हलत होती.
पहाटे चारला उठलेला मी,
उन्हात उभा तो आत्तापर्यंत,
आणि लिंबूपाण्याचा एकही पेला
माझ्या वाट्याचा मी मोजला नव्हता.
"सतरा..." मी म्हणालो.

"टेम्पो बाजूला घ्या."

गोणपाटात बोटभर बर्फ उरला होता.
तो तिनं माझ्या मानेवर धरला,
पार पाणी होऊन
पाठीवरनं उतरेपर्यंत.