मोडीतलं केळवण

पद्मजानं फोनवरच अट घातली :
केळवण करा, पण नवं काही आणाल
तर मी गच्चीचा जिना चढणार नाही.
थर्माकोल नको, फुगे नकोत,
तो चमचमता पट्टा तर नकोच
जो चार दिवसांनी कृष्णेत
एखाद्या माशाच्या गळ्यात पडतो.
मग जरा थांबून, हसतच :
आत्या म्हणालीच की, दुसऱ्यांदाच तर आहे, कशाला थाट.
मग सगळंच दुसऱ्यांदाचं असू दे.

आम्ही तिघी. मी, तबस्सुम आणि राजमती,
जी स्कूटर चालवतानासुद्धा गप्प बसत नाही.
गणपती पेठेत भांड्यांचं दुकान :
लखलखीत माल पुढे, मोड मागे, पोत्यात.
"मोड विकत मागणारं गिऱ्हाईक
तीस वर्षांत पहिलंच," दुकानदार म्हणाला
आणि काट्यावरची धूळ फुंकली.
अकरा ताटं, बावीस वाट्या, किलोच्या भावानं.

घासताना नावं वर आली
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली :
चि. सुशीला हिस मामांकडून, १९७९.
संगीत खुर्ची, दुसरा क्रमांक.
कै. तात्यासाहेब यांचे स्मरणार्थ.
हे ताट कुणाला वाढायचं
यावर पाऊण तास वाद झाला.
शेवटी मीच घेतलं.
तात्यासाहेबांना श्रीखंड आवडत असावं.

टेबल खणभागातून आलं,
पायांवर एकोणीस सालच्या पुराची रेघ.
पॉलिश करायचं का?
राहू दे, तबस्सुम म्हणाली,
त्याला पोहता येतं एवढं कळू दे पाहुण्यांना.

भडंगाच्या पुड्या नववीच्या भूगोलाच्या पेपरांच्या.
कोयना नदीचा उगम कोठे होतो?
उत्तराच्या जागी शेंगदाणे.
(राजमतीची पुडी वेगळी, बिनलसणाची.)
माळा गल्लीतल्या मंडळाच्या,
एक रांग पेटते, एक रुसते.

पडद्यासाठी साड्या हव्या होत्या.
मिरजेत जमनाबाई बोहारीण
गाठोड्यावर बसून आमच्याकडे बघत राहिली.
भांडी नकोत? जुनेर पाहिजे?
कृष्णा उलटी वाहायला लागली की गं बाई!
आणि सात साड्या काढून दिल्या, एका डब्याच्या बदल्यात.

पद्मजा रविवारी साडेपाचला आली,
दिवस मावळायच्या आत जेवण म्हणून लवकर.
हातात झाकलेलं पातेलं.
पातेलं टेबलावर ठेवून पडद्यापाशी गेली
आणि तिसऱ्या साडीसमोर थांबली.
डाळिंबी रंग, काठाला मोर,
पदराच्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग,
होडीसारखा.

हा माझाच शालू.

राजमतीसुद्धा गप्प.
खाली रस्त्यावर कुणीतरी
गाडी मागे घेत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

आईनं सांगितलं होतं, हरवला.
काय घेतलं असेल गं त्याच्यावर?
डागावरून बोट फिरवत राहिली.
मग वळली, टेबलाकडे बघितलं,
आणि जी हसत सुटली
ती जिन्याच्या कठड्याला धरूनच थांबली.
पातेलं! हे पातेलं!
तेव्हापासून आई ह्यातच बासुंदी आटवते.
आजची पण ह्यातलीच आहे.

आम्ही हसायचं की नाही हे ठरेपर्यंत
तिनं वाट्या भरायला घेतल्या होत्या.
मामांकडून आलेल्या सुशीलाच्या वाटीत
तिनं स्वतःला दोनदा वाढलं.
जेवणं झाल्यावर कात्री मागितली.
"पिशव्या होतील ना ह्याच्या?"
तबस्सुमनं मोजून सांगितलं, आठ.
पहिला काप पद्मजानं घातला,
जरा वाकडा गेला. जाऊ दे, म्हणाली.

लग्न झालं. नोंदणी, चार सह्या, दोन हार.
ताटं आता आमच्यात फिरतात,
ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरी.
आत्याही परवा मागून घेऊन गेली, न बोलता.

डागाचा तुकडा माझ्या वाट्याला आला.
मंडईत मेथीच्या दोन जुड्या टाकल्या
की पिशवी एका अंगाला झुकते
आणि होडी हलते, थोडीशी.