श्वास रोखा

मानवतच्या ग्रामीण रुग्णालयात मी एक्स-रे काढते.
कवट्या मला पाठ आहेत,
चेहरे नाहीत.
पहिल्याच दिवशी हे मुकर्रम सरांना सांगितलं
तर म्हणाले, मग अर्धं काम झालंच की.

सरांनी उभी हयात टॉकीजच्या बोर्डांवर
नट्यांचे गाल रंगवले, दोन-दोन हात रुंद.
फ्लेक्स आलं, शिडी विकली.
आता जिनिंगच्या मागच्या खोलीत शिकवतात
मला, आणि तहसीलातल्या एका कारकुनाला
जो येत नाही.

नक्कल कर, म्हणाले, लाज कसली.
ज्वारीचं कणीस तरी काय करतं?
आणि जुन्या कॅलेंडरचं पान पुढं केलं:
इटलीतला कुणी माणूस, काळी टोपी, हातात पत्र.
पाचशे वर्षांपूर्वीचा. खाली नाव नाही.
गळ्यावरून पानाची मोड गेलेली, टाक्यासारखी.

जवसाचं तेल घाण्यावरून आणलं.
आई म्हणाली, एवढ्या जवसात
वर्षाची चटणी झाली असती.
सरांनी ते परातीत ओतून उन्हात ठेवलं,
मधासारखं होईस्तोवर.
एक कोंबडी त्यात पाय देऊन गेली.

आधी सगळा चेहरा हिरवा करायचा.
शेवाळी. मेलेला.
मला काही वाटलं नाही. असे येतात आमच्याकडे
कधीमधी, विहिरीतून काढलेले.
फक्त त्यांच्यावर नंतर
कुणी गुलाबी चढवत नाही.

एक थर सुकायला आठ दिवस.
जल्दी नक्को, सर म्हणतात
आणि पानपट्टीवर निघून जातात.
नोव्हेंबर. कापसाच्या गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत.
हवेत रुई, चहात रुई,
एका सकाळी पाहते तर त्याच्या ओल्या गालावर
बारीक पांढरी दाढी.
दवाखान्यातल्या चिमट्यानं एकेक तंतू उपसला.
एक राहिला, जबड्याच्या कोनाशी,
पार आत बसलाय तेलात.

हातांनी छळलं.
दिवसभर मी हातच तर धरते लोकांचे:
मळणीयंत्रात गेलेला, गाडीवरून पडलेला,
सपाट ठेवते, बोटं पसरा, हलू नका.
आणि रात्री तेच एक बोट चारदा खरवडलं
तरी त्यानं पत्र धरलंय असं वाटेना.
चिकटवल्यासारखं दिसे.
सर म्हणाले, हात सोड. पत्राचं वजन काढ.

पत्राला कसलं वजन?

मग आठवलं,
रिपोर्टचा लिफाफा लोक कसा धरतात
बाकावर बसून,
उघडायच्या आधी.

काल ओठ केले.
खालच्या ओठावर उजेडाचा दाणा ठेवताना
सवयीनं तोंडातून निघून गेलं:
श्वास घ्या. रोखा.
त्यानं रोखलेलाच होता.
इतकी वर्षं, आणि त्याला
पुढचा शब्द कुणी म्हटलाच नव्हता.

मीही म्हटला नाही.
रंग ओला होता अजून.