रूपक, घोरपडी यार्डामागे

स्टाव्रूला खोली सोडून गेली तेव्हा
भाड्याचे सहाशे राहिले होते.
त्याबदल्यात एक कॅसेट ठेवली तिनं फ्रिजवर,
वर निळ्या शाईत ग्रीक अक्षरं.
मला त्यातला फक्त पाय ओळखता आला,
वर्तुळाच्या गणितातला.

आगगाडीवर आहे हे, म्हणाली होती.
म्हणजे आगगाडीबद्दल, म्हणजे आगगाडीत...
तिचं मराठी तिथे रुळावरून घसरलं.
कुणी एक माणूस थेसालोनिकीहून रात्रभर
लाकडी बाकावर बसून आला
आणि उतरल्यावर घरी न जाता
फलाटावरच लिहीत बसला, असं तिचा मामा सांगायचा.
मामा थापाही मारायचा.

गुरुवारी वीज गेली
म्हणून सेलवरचा टेप काढला.

आधी नुसती क्लॅरिनेट.
वरातीतली नव्हे,
घरात कुणी उठलेलं नसताना
भांड्याचा आवाज न करता दूध तापवणारी.
मग खालून चाकं आली.
माझी बोटं आपोआप मांडीवर:
ती ती ना, धी ना, धी ना.
सात.
अरे, हा तर आपला रूपक!
माझ्या शिकवणीतली चारही पोरं
दर बुधवारी ज्यात पडतात तो.

अण्णा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.
एकतीस वर्षं कीमन, घोरपडी ते हडपसर,
खांद्यावर हातोडा, हातात पाना,
जाताना एक रूळ, येताना दुसरा.
माझा तबला त्यांनी कधी ऐकला नाही,
फक्त सहन केला.

"थांबव," म्हणाले. "मागे घे."
घेतली.
"अजून थोडी.
हां. इथे सांधा सैल आहे."

अण्णा, हे संगीत आहे.

"असेल. फिशप्लेटचा एक बोल्ट नाहीये.
लिहिणाऱ्याला माहीत होतं. त्यानं ठेवलाय तसाच."

सर म्हणायचे, बाकी तालांत समेवर टाळी,
रूपकात समेवरच खाली.
जिथे पोचायचं तिथेच हात रिकामा.
मी पाठ केलं होतं, पुढे पाठ करून घेत होते.

अण्णांनी खाटेच्या दांडीवर
नखानं रेघ ओढली.
"दोन रुळांत एवढी फट सोडायचो.
उन्हात लोखंड वाढतं, त्याला जागा नको?
नाही सोडली तर रूळ वाकतो.
तुझं ते धी ना धी ना
त्या फटीतून येतं.
आता वितळवून जोडतात सगळं.
गाडी गेलेली कळत नाही."

मग बराच वेळ बोलले नाहीत.
बोट मात्र दांडीवर पडत होतं,
आणि दर सातानंतर एकदा
दांडीला न टेकता वरच राहत होतं.
कुणी शिकवलं नव्हतं.

"त्या पोरीचे सहाशे?"
राहिलेत.
"राहू देत."

दुसरी बाजू कोरी निघाली.
तीही आम्ही शेवटपर्यंत ऐकली.
मधे कुठेतरी, टेपमधे की यार्डापलीकडे,
काहीतरी लांबलचक गेलं.
खिडकीच्या काचा तेवढ्या बोलल्या.