काटा शून्यावर

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडांमधल्या बोळात
दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज.
मगदूमांची गाडी तिथं आली हट्टी पोरासारखी:
धावते, पण कबूल करत नाही.

चाळीसनं येतेय, काटा शून्यावर.
डीचा दिवा मिचमिचतोय,
दुसऱ्या गियरमध्येच इंजिन गळा काढतं,
तिसरा काही पडत नाही.

"सेन्सर दोनदा बदलला ओ," मगदूम म्हणाले,
"एक सांगलीत, एक पुण्यात. बिलं हायत."
मामांनी बिलं हातात घेतली नाहीत.
"पत्र आलं नाही म्हणून दोन पोस्टमन बदलले तुम्ही.
वाट बघितली का कुणी, वाट?"

मी आयटीआयची. मीटर माझ्याकडं,
मामांची नजर माझ्या हातावर.
कनेक्टर सोडवला. चावी ऑन.
पहिल्या पिनेवर बारा व्होल्ट. ठीक.
अर्थिंगवर बल्ब लावून बघितला, लख्ख पेटला.
तिसरी तार, खबर नेणारी:
पाच पाहिजेत.
एक पूर्णांक दोन.
मग शून्य.
मग परत एक, आणि काहीतरी.

"हलीव," मामा म्हणाले.
हार्नेस हलवला तसे आकडे
तापल्या तव्यावरच्या थेंबासारखे नाचले.

तारेमागं मी सरपटत गेले,
गियरबॉक्सच्या पाठीवरनं, फायरवॉलच्या रबरातनं,
ड्रायव्हरच्या पायाशी, गालिच्याखाली.
तिथं एक जोड होता.
उघडला, तर आत चिमूटभर गाळ,
सुकलेला, तपकिरी, पंचगंगेचा,
आणि पितळेत ताक कळकावं
तशी हिरवी झालेली पिन.

"पुरात हुती व्हय ही?"
मगदूम गप्प. मग म्हणाले,
"विकताना कोण सांगतंय?"

मामांनी ती तार चिमटीत धरली.
त्यांनीच शिकवलेलं मला:
वरनं प्लास्टिक धड असतं, आत तांबं खाल्लेलं,
तिथं तार मऊ लागते. डोळं मीट, बोटाला इचार.
त्यांची बोटं तारेवरनं सरकत गेली
आणि मऊ जागेवरनं तशीच पुढं गेली.
परत मागं आली. परत पुढं गेली.
"तूच बघ गं. उजेड कमी हाय."

सकाळचे अकरा वाजले होते.
ऊन बॉनेटवर मावत नव्हतं.

मी खराब तुकडा कापला, नवी तार जोडली,
डाग दिला, स्लीव्ह चढवली.
ती गार होईस्तोवर मामा समोर चहा आणायला गेले.
जॅकपाशी त्यांची एक चप्पल राहिली होती, उजवी.
बोळभर लेथचा कीस पडलेला,
कुरळा, निळसर, ब्लेडासारखा.
त्यावरनं ते सावकाश गेले,
दोन ग्लास घेऊन सावकाश आले.

"मामा, चप्पल."
त्यांनी खाली बघितलं,
दुसऱ्याच्या घरात डोकावावं तसं.

"साखर किती हाय?"
"चहात? एकच चमचा."
"चहातली नाही इचारत."
त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला
आणि मगदूमांना म्हणाले, "चावी फिरवा, बघू."

पाच. पाचच. हलवून बघितलं, पाच.

गाडी खाली उतरवली.
सवयीनं मामा ड्रायव्हरच्या दाराकडं वळले.
ह्या गाडीला क्लच नाही.
सगळा कारभार उजव्या पायाचा.
मी हात पुढं केला.
"चावी द्या मामा. मी चालवतो."

चावी त्यांनी फडक्यानं पुसली,
एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं,
मग परत पहिल्या.
दिली.

उचगावच्या रस्त्याला लागलो.
काटा उठला. दहा. बावीस.
तिसरा पडला, इतका अलगद
की मागं बसलेल्या मगदूमांना पत्ताच नाही.
शेजारच्या सीटवर मामांचा पाय
जिथं ब्रेक नाही तिथं
दाबत होता, सोडत होता.

"कळतंय काय?" मी हळूच इचारलं.

ते समोर बघत होते.
"काट्याला कळतंय," म्हणाले.