करंट कमी

साखर पेठ, रात्रीचे अकरा.
टीव्हीमागं चिकटवलेला डबीएवढा कॉम्प्युटर,
आणि हा ड्राइव्ह: ताट बाहेर, ताट आत,
धोटा अडकल्यागत टक् टक्, मग गप्प.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: डिस्क नाही.

आहे की. आतच आहे.
स्वरूपाचा साखरपुडा, दोन हजार नऊ.

केबल बदलली. लिनक्स पुन्हा टाकलं.
लेन्स पुसली चादरीच्या चिंधीनं.

मल्लेशममामा, तीस वर्षं मागांवर जॉबर,
कान लावून म्हणाले,
"मोटार उठंना बे. करंट कमी पडतंय त्याला."

वेगळ्या चार्जरचा हब मध्ये जोडला.
गरगरला. सूर धरला.

पडद्यावर मामी, घामेजलेल्या, घाईत,
कुणावर तरी ओरडतायत:
लाइट लाव, लाइट!

मामांनी उठून
ट्यूब बंद केली.